उद्रेकांक

पाचगणीच्या शल्कसंकलन केंद्राच्या फाटकावर शस्त्रे तपासत नसत, तेल तपासत. भेटीला येणाऱ्या प्रत्येकाला दोन्ही तळवे एका काचेवर टेकवावे लागत. खोबरेलाचा अंशही आढळला, तर साबणाने हात धुऊन पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहणे भाग पडे. मयूरेश पिसाळ बारा वर्षे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी या काचेवर हात टेकवत आले होते आणि एकदाही अडकले नव्हते. सूक्ष्ममापनाच्या यंत्रांवर उभी हयात घालवलेला तो माणूस होता. नियम कशासाठी आहे हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि एकदा कळले की तो मोडवत नसे.

त्या रविवारी मात्र त्यांच्या डब्यात, भाकऱ्यांच्या चवडीखाली, घट्ट झाकणाची स्टीलची एक डबी होती. डबीत जास्वंद आणि मेथी घालून उकळलेले खोबरेल होते. वाईच्या रुग्णालयात खाटेला खिळलेल्या केतकीने, त्यांच्या पत्नीने, त्यांचे मनगट धरून ती न्यायला लावली होती.

"बारा वर्षं पोरीच्या डोक्याला तेल नाही," ती म्हणाली होती. "मी काही यातून उठत नाही. माझ्या हातचं एकदा तरी लागू दे."

फणस चिरताना केतकीच्या अंगठ्याला विळी लागली होती. पाऊण इंचाची जखम. मयूरेशरावांच्या आजोबांच्या काळी अशा जखमेवर हळद दाबून माणूस पुन्हा फणसाला लागत असे. पण शतकाच्या मध्यापर्यंत सगळी प्रतिजैविके एकामागून एक बोथट झाली. जंतूंनी प्रत्येक औषध ओळखले, पचवले आणि आपल्या पिलावळीला ती विद्या शिकवली. पिसाळांचा धाकटा मुलगा रुद्र नवव्या वर्षी गुडघा खरचटल्याचे निमित्त होऊन गेला. त्या वर्षी त्यांच्या आळीतल्या आणखी चार घरांत असेच घडले होते.

उत्तर सापडले ते जिथे कोणी शोधले नव्हते तिथे. सोरायसिस या त्वचारोगात शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशी चुकून स्वतःच्याच कातडीवर चाल करून जातात. निरोगी कातडी सुमारे महिन्याभरात नवी होते, ती इथे तीन-चार दिवसांत होऊ लागते, आणि टाळूवर चंदेरी पापुद्र्यांचे जाड थर साचतात. हे थर भेगाळतात, खाजवले की रक्त येते, आणि तरीही त्यांत जंतू क्वचितच शिरतो. कारण युद्ध चालू आहे अशा समजुतीत असलेली ती कातडी जंतुनाशक प्रथिने शेकडो पटींनी तयार करत असते. त्वचातज्ज्ञांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होते, पण तेव्हा ती केवळ एक गंमत होती. इतर सारे उपाय संपल्यावर कोणीतरी हे पापुद्रे, म्हणजे शल्के, विरघळवून गाळले. जो द्रव हाती आला त्याला कवचार्क हे नाव पडले.

कारखान्यात त्याची नक्कल करून पाहिली गेली. दीड वर्षात जंतू ती शिकले. जिवंत टाळूवरचे मिश्रण मात्र आठवड्याआठवड्याला बदलत असते, म्हणून ते जंतूंना शिकता येत नाही. ज्यांच्या टाळूवर हे मिश्रण पिकते त्यांना शल्कद म्हणू लागले. जल देणारा तो जलद, तसा शल्क देणारा तो शल्कद. शल्कदांच्या नावाने चौक झाले. बसमध्ये त्यांच्यासाठी आसने राखीव झाली, आणि त्यांच्या शेजारचे आसन कोणीही राखून न ठेवता रिकामे राहू लागले.

तेलाने शल्के मऊ पडतात आणि त्यांतली प्रथिने गाळता येत नाहीत. म्हणून फाटकावर ती काच होती.

भेटीच्या खोलीत त्यांच्या मुलीने, सानिकाने, डबीचे झाकण अजून उघडलेही नव्हते, तरी ती हसली.

"आईचं तेल. तुमच्या त्या काचेला सर्दी झालीय का, बाबा?"

"काच हात बघते, डबे बघत नाही," मयूरेशराव म्हणाले. "आणि हळू बोल."

"आई का नाही आली?"

"गुडघे. घाट चढवत नाही तिला."

हे असेच सांगायचे, असे वाईच्या डॉक्टरांनी आणि त्यांनी मिळून ठरवले होते. सानिका खाली जमिनीवर बसली आणि तिने पाठ त्यांच्या गुडघ्यांना टेकवली. ती आता तिशीला आली होती. तिच्या केसांच्या रेषेबाहेर, कपाळावर बोटभर रुंद, लालसर आणि वर चांदी फासल्यासारखा पट्टा होता. खांद्यावर पापुद्रे पडले होते, आणि ते झटकायची सवय तिने कधीच सोडली होती. तेल टाळूला लागताच तिने डोळे मिटले.

"आधी झोंबतं," ती म्हणाली. "मग काय बरं वाटतं हो. भांगाच्या डाव्या बाजूला घ्या. तिथे आठवडाभर आग आग होतेय."

त्यांनी डाव्या बाजूला घेतले. खोलीबाहेर सिल्व्हर ओकच्या रांगेत धुके थांबले होते. केंद्र पाचगणीला बांधण्यामागे हेच कारण होते. उन्हाने हा रोग ओसरतो, आणि थंडीत, उन्हाआड तो फोफावतो.

"बाबा, एक सांगू? रागावू नका."

"सांग."

"तुम्ही अजून मनाला लावून घेता. मला दिसतं. शाळेतल्या तपासणीत दीड महिना उशीर झाला, त्यात तुमची काय चूक? आईलाही वाटलं कोंडा आहे, तुम्हालाही वाटलं. सगळ्यांनाच तसं वाटतं." तिने मान मागे टाकून त्यांच्याकडे उलटे पाहिले. "दीड महिनाच. नशीब म्हणायचं आणि सोडून द्यायचं. मी दिलंय सोडून."

मयूरेशरावांची बोटे फिरत राहिली.

या दीड महिन्याचा अर्थ त्या काळी शाळकरी मुलांनाही ठाऊक होता. सोरायसिस एका जागी पुन्हा पुन्हा उगवतो तो तिथल्या कातडीत ठाण मांडून बसणाऱ्या स्मृतिपेशींमुळे. शमक नावाची एक लस या पेशी समूळ काढून टाके आणि रोग जन्मभरासाठी जाई. पण ती पहिल्या चट्ट्यापासून दोन वर्षांच्या आतच लागू पडे. त्यानंतर स्मृतिपेशी खोल मूळ धरत आणि माणूस कायमचा शल्कद होई. सोळाव्या वर्षी शाळेतल्या शिरोदर्शक यंत्राने सानिकाच्या टाळूतल्या मुळांची खोली मोजून रोगाचे वय सांगितले होते: दोन वर्षे आणि सहा आठवडे.

मंगळवारी केंद्रातून बोलावणे आले.

डॉक्टर ऋतुपर्ण देवस्थळी केंद्राचे प्रमुख होते. अंगाने किरकोळ, बोलण्यात अतिशय सौम्य. त्यांनी मयूरेशरावांना चहा दिला, बिस्किटांची बशी पुढे सरकवली आणि मग एक कागद.

"हा तुमच्या मुलीचा उद्रेकांक. टाळूवरची लाली, जाडी, पापुद्रे आणि चट्ट्यांनी व्यापलेली जागा, या सगळ्यांचा मिळून शंभरापैकी एक आकडा. मागच्या सोमवारी अठ्ठावन्न होता. काल एकतीस. चाळीसच्या खाली अर्क फिका येतो, जंतू मरत नाही."

"चूक माझी आहे," मयूरेशराव म्हणाले. "तेल मी नेलं."

"ते आम्हाला कळलं. या आठवड्याची शल्कं टाकून द्यावी लागली. त्यातून तुमच्या मिसेसचा दुसरा डोस व्हायचा होता."

शल्कदाच्या रक्ताच्या नातलगांना त्याच्या अर्कावर पहिला हक्क असे. इतरांनी साठ्यातून अर्क मागायचा म्हटले तर चार महिने थांबावे लागे. केतकीच्या अंगठ्यातला जंतू हाडात शिरला होता. दर आठवड्याला एक डोस, निदान वर्षभर, असे वाईच्या डॉक्टरांनी सांगितले होते. एकही चुकला तर पुढचे सांगता येत नाही, असेही.

"पुढच्या आठवड्यात वाढेल ना अंक? तेल धुतलं की?"

"पिसाळसाहेब, तेल निम्मंच कारण आहे." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "मुलगी तुमच्या गुडघ्याला पाठ टेकून बसली होती. तासभर. तेवढा वेळ ती सुखी होती. कातडीत मज्जातंतूंची टोकं असतात, आणि माणूस दीर्घकाळ दुःखात असला की त्या टोकांतून काही द्रव्यं झिरपतात. ती स्मृतिपेशींना जागं ठेवतात. मन शांत झालं की त्या डुलक्या घेऊ लागतात. तुमच्या प्रत्येक भेटीनंतर अंक पाच-सहांनी उतरतो. बारा वर्षांचा आलेख आहे माझ्याकडे."

"मग मी यायचं बंद करतो."

"त्यानं दोन महिन्यांत चढेल. मिसेसना तेवढा वेळ आहे का?"

मयूरेशरावांनी बशीतले बिस्किट उचलले आणि तसेच परत ठेवले.

"तिला खरं सांगू या. आईला तुझा अर्क हवाय म्हणून. काळजीनं वाढणार नाही का?"

"वाढत नाही. आम्ही करून पाहिलंय. अचानक आलेली भीती उलट दाह दाबते. आणि आपल्यामुळे आई जगणार आहे हे कळलं की शल्कदाला उमेद येते. उमेद ही फार वाईट गोष्ट आहे हो. शमकाखालोखाल तिचाच नंबर." ते स्वतःशीच किंचित हसले. "जे लागतं ते वेगळं. ज्याच्यावर भार टाकला होता तो खांदाच नव्हता, असं माणसाला कळावं लागतं. आणि ते का सांगितलं गेलं, हे कळता कामा नये."

त्यांनी खणातून आणखी एक कागद काढला. त्यावर वाक्ये छापली होती. तुला या घरात परत घेणार नाही. तुझी आम्हाला लाज वाटते. तू आमची मुलगी नव्हेस.

"याला आम्ही ताणनियोजन म्हणतो. नातेवाइकांनीच बोलायचं असतं, आमचं ती कशाला मनावर घेईल? यातलं कुठलंही घ्या. सहा-सात आठवडे पुरतं. मग दुसरं."

मयूरेशरावांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. एखाद्या उपकरणाची मापे तपासावीत तशी, दोनदा.

"खोटं सांगायची गरज नाही," ते म्हणाले. "माझ्याकडे एक खरं आहे."

बुधवारी सानिका भेटीच्या खोलीत आली तेव्हा तिचे डोके धुतलेले होते आणि चेहरा खुलला होता.

"महिन्यात दोनदा? आता काय, भाकरीत साबण लपवून आणलात?"

"बस," ते म्हणाले. ती पाठ टेकायला खाली बसू लागली, तेव्हा त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवले.

ती खुर्चीत बसली.

"तू चौदा वर्षांची होतीस," मयूरेशरावांनी सुरुवात केली. आवाज कार्यशाळेत शिकाऊ उमेदवारांना समजावतानाचा होता. दुसरा त्यांना काढता आला नाही. "जून महिना होता. तुझ्या उजव्या कानामागे चट्टा दिसला. मी कामावरचं भिंग आणून पाहिला. कोंडा पिवळट असतो, तेलकट असतो, विखुरलेला असतो. हा चंदेरी होता आणि त्याची कड रेघ मारल्यासारखी साफ होती, केसांच्या बाहेर आलेली. एक पापुद्रा नखानं उचलला. खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके आले. मग तुझी नखं पाहिली. शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खड्डे होते. मला शंका उरली नाही."

सानिकाने स्वतःच्या नखांकडे पाहिले.

"शमक लस तेव्हा वाईत मिळत होती. मी तुला कोंड्याचा शाम्पू आणून दिला."

"का?"

"रुद्र जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात एक शल्कद असला की सगळ्यांना पहिला हक्क मिळतो. मी विचार केला, एकाचं डोकं, आणि बाकीच्यांचा जीव."

खिडकीबाहेर कोणीतरी हातगाडी ढकलत नेत होते. तिची चाके कुरकुरत दूर गेली.

"म्हणजे दोन वर्षं तुम्ही रोज बघत होतात."

"हो."

"आणि ते वरचे सहा आठवडे?"

मयूरेशराव या प्रश्नाला तयार नव्हते. तरी उत्तर त्यांच्याजवळ होते.

"खात्री व्हावी म्हणून," ते म्हणाले. "मापात थोडी सूट ठेवावी लागते."

सानिकाने मान हलवली. पुष्कळ दिवस अडलेले गणित सुटल्यासारखी.

"तुम्ही मोजमापात कधी चुकत नाही," ती म्हणाली. आणि मग, "हे आज का सांगताय?"

"वय झालं."

ती उठली, खांद्यावर पडलेले पापुद्रे तिने हाताने झटकले आणि दार ओढून घेतले. दार आपटले नाही.

पुढच्या सोमवारी उद्रेकांक त्रेसष्ट होता. त्याच्या पुढच्या सोमवारी शहात्तर. सानिकाचे चट्टे कपाळावरून भुवयांपर्यंत उतरले आणि मानेवर पसरले. झोपेत तिने खाजवू नये म्हणून तिला सुती हातमोजे घातले गेले. केतकीला चौथ्या डोसनंतर भूक लागली. सातव्यानंतर ती भिंत धरून मोरीपर्यंत गेली. बाराव्यानंतर तिला घरी सोडले.

डॉक्टर देवस्थळींनी फोन करून अभिनंदन केले.

"तीन महिने झाले, अंक उतरायचं नाव घेत नाही. आमची छापील वाक्यं सात आठवड्यांत बोथट होतात. माणसाला आतून कळतंच की हे खोटं आहे. तुमच्यावरून आम्ही पद्धत बदलली, पिसाळसाहेब. आता प्रत्येक शल्कदाच्या घरच्यांकडून अर्ज भरून घेतो. त्यात एक नवा रकाना आहे: कुटुंबाने आजवर दडवून ठेवलेली गोष्ट. लोक भराभरा भरतात हो. एकही घर कोरं निघालेलं नाही."

यानंतर मयूरेशरावांच्या आठवड्याला सोमवार हा एकच दिवस उरला. सकाळी अकराला अंक येई. तो सत्तरच्या वर असला की त्यांना हायसे वाटे, मग ते चहा टाकत. आपल्याला नेमके कशाचे हायसे वाटते आहे, याचा विचार त्यांनी पहिले काही सोमवार केला. नंतर नाही.

अठ्ठाविसाव्या डोसच्या आठवड्यातली गोष्ट. केतकीचा अंगठा कायमचा ताठला होता, म्हणून सोमवारी तिच्या डोक्याला तेल मयूरेशरावच लावून देत. ती पाटावर बसली होती, ते मागे खुर्चीत. तळहात तेलाने माखलेले असताना फोन वाजला. त्यांनी कोपराने तो टेबलावरच बोलता केला.

"अंक एकोणसाठ," डॉक्टर देवस्थळींचा सौम्य आवाज खोलीभर पसरला. "गेल्या सोमवारी सदुसष्ट होता, त्याआधी बाहत्तर. औषध नाही, ऊन नाही, तेल नाही. मी तिच्याशी बोललो. तुमच्याबद्दल विचारत होती, बाबा कसे आहेत म्हणून. पिसाळसाहेब, ती तुम्हाला माफ करतेय. या गतीनं तीन आठवड्यांत चाळीसच्या खाली येईल. तुमच्याकडे आणखी काही आहे का, तेवढं पाहा."

फोन बंद झाला. केतकीने मान वळवली नाही.

"कशाबद्दल माफ करतेय?"

त्यांनी सांगितले. चौदावे वर्ष, भिंग, शाम्पू, सहा आठवडे. बुधवारची भेट. बोटे तिच्या केसांतच होती, काढून घ्यायचे त्यांना सुचले नाही. सांगून झाल्यावर ते वाट पाहत राहिले. ती उठून जाईल असे त्यांना वाटले. तिने ताठलेला अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत धरला.

"दर रविवारी तिला मी न्हाऊ घालायची," केतकी म्हणाली. "तुम्हाला भिंग लागलं. मला नाही लागलं. कोंडा पाणी घातलं की निघतो. हे निघत नव्हतं. कोरडं, अभ्रकासारखं. बोटांना त्याची कड लागायची. दर रविवारी थोडी पुढे गेलेली असायची."

मयूरेशरावांची बोटे थांबली.

"वाटायचं, आज हे बोलतील. तुम्ही बोलला नाहीत. मग मीही नाही बोलले. रुद्रचा गुडघा मीच धुतला होता हो, साध्या पाण्यानं." तिने अंगठ्यावरची मूठ आवळली. "आज कळलं, दोघं एकाच घरात एकच गोष्ट दडवून बसलो होतो. बरं झालं बोलले. चौदा वर्षं छातीवर होतं."

"सानिकाला काय वाटतं? तुझ्याबद्दल?"

"तिला काय वाटणार? आईला कळलं नाही, असंच वाटतं. नाहीतर तुम्हाला माफ करायचं बळ तिला आलं असतं का? बाप तसा निघाला, तरी आई आहे म्हणून..." केतकी बोलता बोलता थांबली. मग ती सावकाश, एकेक शब्द ठेवावा तशी म्हणाली, "हे मात्र तिला सांगू नका. माझं काय व्हायचं ते होऊ दे. ऐकलंत का? हे तिला सांगायचं नाही."

मयूरेशरावांनी ऐकले होते. त्यांनी तिच्या केसांचा सैलसर आंबाडा घातला, आकडा खोचला आणि तिला हाताला धरून खाटेपर्यंत नेले. अंगावर शाल घातली. तिच्या चेहऱ्याला कितीतरी महिन्यांत प्रथमच रंग आला होता. तो त्यांनी नीट पाहून घेतला.

"कुठं निघालात?" तिने विचारले.

पाचगणीची एसटी साडेअकराला सुटत असे. ते मोरीत गेले आणि साबणाने हात धुतले. मग नखांत राहिलेले तेल काडीने काढून पुन्हा एकदा धुतले. तळवे उजेडात धरून पाहिले. फाटकावर अडकून चालणार नव्हते.